लांबच्या प्रवासासाठी आणि हलक्या टोइंगसाठी वापरलेली एसयूव्ही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुक्कामाचं सामान घेऊन आठवडेच्या आठवडे कच्च्या-पक्क्या रस्त्यांवर फिरायचं आणि अधूनमधून मागे छोटा कॅराव्हॅन, बोट किंवा सामानाचा ट्रेलर ओढायचा, या दोन्ही कामांसाठी वापरलेली गाडी शोधणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. ‘हलकं टोइंग’ म्हणजे इथे भरलेल्या ट्रेलरचं वजन साधारण १५०० किलोपर्यंत. उदाहरणांतले आकडे हिशोब समजावा म्हणून घेतले आहेत. तुमच्या गाडीचे खरे आकडे दाराच्या चौकटीवरच्या प्लेटवर आणि मॅन्युअलमध्ये मिळतील.

१. यासाठी मोठी एसयूव्हीच लागते का? साधी क्रॉसओव्हर (मोटारीच्या घडणीवरची उंच गाडी) नाही चालणार?

बहुतेक प्रवास डांबरी रस्त्यावर, थोडा चांगल्या मातीच्या रस्त्यावर आणि ट्रेलर ७५० किलोच्या आत असेल, तर चालेल. क्रॉसओव्हर कमी पडते ती तीन ठिकाणी. सामान पेलण्याची क्षमता कमी असते, लो रेंज (कमी वेगाचे, जास्त जोराचे जादा) गिअर नसतात, आणि मागच्या चाकांना ताकद देणारा क्लच वाळूत किंवा लांब चिखलात दहा-पंधरा मिनिटांत तापून स्वतःला बंद करतो. यातली कुठलीच अडचण तुमच्या वाटेवर येणार नसेल, तर जड गाडीचं इंधन आणि टायर यांचा खर्च उगाच अंगावर घेऊ नका.

२. लॅडर फ्रेम (बॉडीखाली वेगळी पोलादी चौकट) की मोनोकॉक (बॉडी हीच चौकट)?

रोज खड्ड्यांतून, पूर्ण भरलेली गाडी न्यायची असेल तर लॅडर फ्रेम. सस्पेन्शन, इंजिन आणि टो हिच (ट्रेलर जोडायची मागची जोडणी) थेट जाड पोलादी चौकटीला बसवलेले असतात, त्यामुळे मार चौकट खाते. दुरुस्तीही सोपी, कारण चौकटीला वेल्डिंग करणारा माणूस बहुतेक कुठेही सापडतो. टोयोटाची लँड क्रूझर ८० मालिका (१९९० ते १९९७) या घडणीचं नेहमीचं उदाहरण. पुढेमागे अखंड अ‍ॅक्सल, कॉइल स्प्रिंग, खाली सगळं उघडं आणि हाताला येणारं.

पण फक्त ‘फ्रेम आहे’ म्हणून गाडी घेऊ नका. १९९९ नंतरची मित्सुबिशी पजेरो आणि २००५ मध्ये आलेल्या पिढीची सुझुकी ग्रँड विटारा यांच्या मोनोकॉक बॉडीतच लॅडर फ्रेमसारखे पट्टे बसवलेले आहेत आणि लो रेंजही मिळते. दोन्ही गाड्या अशा प्रवासाला पुरून उरतात. उलट २०१८ ची जिम्नी खऱ्याखुऱ्या लॅडर फ्रेमवर आहे, तरी तिची टोइंग मर्यादा ब्रेक असलेल्या ट्रेलरसाठी १३०० किलोच्या आसपास आणि आतलं सामान पेलण्याची क्षमता लहान हॅचबॅकएवढी. फ्रेम मजबुतीबद्दल सांगते. क्षमतेसाठी प्लेटच वाचावी लागते (प्रश्न ६).

३. पार्ट-टाइम, फुल-टाइम, ऑन-डिमांड यांत फरक काय? लो रेंज हवीच का?

पार्ट-टाइममध्ये फोर व्हील टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधला जातो. वळताना पुढची चाकं जास्त अंतर कापतात. मातीवर चाकं थोडी घसरून तो फरक भरून काढतात, कोरड्या डांबरावर घसरता येत नाही आणि ताण ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीत) साठतो. म्हणून पार्ट-टाइम गाडी कोरड्या पक्क्या रस्त्यावर फोर व्हीलमध्ये चालवायची नाही. फुल-टाइममध्ये मधला डिफरन्शियल (दोन्ही शाफ्टना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) असतो, त्यामुळे ओला घाट, अर्धवट बर्फ, खडी पडलेलं डांबर अशा बदलत्या रस्त्यावर काही न बदलता चालवता येते. ट्रेलर ओढणाऱ्याला हा मोठा फायदा आहे. ऑन-डिमांडमध्ये मागच्या चाकांना गरजेपुरती ताकद क्लच देतो. त्याची मर्यादा प्रश्न १ मध्ये आली.

लो रेंज हवी. चढावर ताकद मिळावी एवढ्यासाठी ती नसते. साधारण २.५ पट गिअरिंगमुळे गाडी चालण्याच्या वेगाने, ब्रेक न तापवता उतरते, आणि ट्रेलर चढावर मागे घेताना क्लच जळत नाही.

४. डिझेल घ्यावं की पेट्रोल?

ओढण्यासाठी डिझेल सोयीचं. कमी आरपीएमला जोर मिळतो आणि भरलेल्या गाडीला एका टाकीत अंतर जास्त मिळतं. टर्बो असल्याने उंचावरही दम टिकतो. टर्बो नसलेलं इंजिन दर १००० मीटर उंचीला साधारण १० टक्के ताकद गमावतं.

आता दुसरी बाजू. नव्या पिढीच्या, म्हणजे डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी गाळणी) आणि युरिया यंत्रणा (धूर स्वच्छ करणारी) असलेल्या डिझेलला कमी गंधकाचं स्वच्छ इंधन लागतं. तुमच्या वाटेवर ते मिळणार नसेल तर असा इंजिनप्रकार टाळा. शिवाय आधीच्या मालकाने गाडी फक्त शहरात, पाच-पाच किलोमीटरसाठी वापरली असेल, तर डीपीएफमधली काजळी जळायला वेळच मिळालेला नसतो. ती जाळण्यासाठी मारलेलं जादा डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी ‘मॅक्स’ खुणेच्या वर दिसली आणि वासाला डिझेल आलं, तर कारण बहुधा हेच.

पेट्रोल इंजिन साधं, थंडीत सहज सुरू होणारं आणि दुरुस्तीला स्वस्त. फक्त टाकीचा हिशोब करा. ८० लिटरची टाकी, एरवी लिटरला ९ किलोमीटर देणारी गाडी, ट्रेलर लावून कच्च्या रस्त्यावर ६ वर येते. म्हणजे ४८० किलोमीटर. त्यातला पाचवा हिस्सा राखीव ठेवला की उरले ३८४.

५. किती किलोमीटर चाललेली गाडी चालेल?

आकड्यापेक्षा नोंदी बघा. दर १०,००० किलोमीटरला ऑइल बदललेली, लांब हायवेवर चाललेली २ लाखांची गाडी नोंदी नसलेल्या ९० हजारांच्या गाडीपेक्षा चांगली निघते. आकडा खरा आहे का हे ब्रेक पेडलचं रबर, चालकाच्या सीटची दाराकडची कड, स्टिअरिंगची झिजलेली जागा आणि जुन्या बिलांवरच्या नोंदी जुळवून पाहिलं की कळतं. पेडल नवं कोरं आणि सीट फाटलेली असेल तर पेडल का बदललं ते विचारा.

वयामुळे खराब होणाऱ्या गोष्टी किलोमीटरवर मोजल्या जात नाहीत. रबरी होज, बुश, ब्रेक पाइप, टायर आणि टायमिंग बेल्ट वर्षांनी म्हातारे होतात. बेल्ट असलेल्या इंजिनात तो बदलल्याचं बिल नसेल, तर तो बदललेला नाही असंच धरून चाला.

६. पेलोडचा हिशोब कसा करायचा? गाडी मोठी आहे, त्यात काय एवढं?

सर्वात जास्त चूक इथे होते, म्हणून जरा सविस्तर. गाडीचं कमाल परवानगी असलेलं वजन वजा रिकाम्या गाडीचं वजन म्हणजे पेलोड. समजा कमाल वजन २९०० किलो आणि रिकामं २१८० किलो. हातात राहिले ७२० किलो. ऐकायला खूप वाटतात. आता भरू या.

दोन मोठी माणसं आणि दोन मुलं: २१० किलो. पुढचा पोलादी बंपर आणि विंच (दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र): ८०. छतावरचं कॅरियर आणि तंबू: ९०. दुसरी बॅटरी आणि भरलेला फ्रिज: ६०. ६० लिटर पाणी: ६०. डिक्कीतले खण: ५०. हत्यारं, सुटे भाग, गाडी ओढून काढायचं सामान: ४५. कपडे, भांडी, खुर्च्या, शिधा: ७०. आणि ट्रेलरचा जो भार टो बॉलवर (हिचवरच्या गोळ्यावर) बसतो तो: ९०.

बेरीज ७५५. गाडी ३५ किलोने जादा भरली, आणि डिझेलचा कॅन अजून चढवलेलाच नाही. बॉलवरचा भार गाडीच्या पेलोडमध्ये धरायचा असतो, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

म्हणून गाडी निवडण्याआधी स्वतःच्या सामानाची यादी किलोंसकट करा आणि त्या बेरजेवर किमान १०० किलो शिल्लक राहतील अशीच गाडी बघा. ‘रिकामं वजन’ मोजताना इंधन आणि चालक धरले आहेत का हेही मॅन्युअलमध्ये पाहा, काही पद्धतींत धरतात, काहींत नाही. आधीच्या मालकाने बंपर, विंच, खण बसवलेले असतील तर ते वजन आधीच खर्च झालेलं आहे. अशी गाडी व्यवहाराआधी वजनकाट्यावर नेण्याचा आग्रह धरा. संपूर्ण गाडी, मग फक्त पुढचा अ‍ॅक्सल, मग फक्त मागचा, अशी तीन मापं घ्या.

७. माहितीपत्रकात ‘३००० किलो ओढते’ लिहिलंय. मग १२०० किलोच्या कॅराव्हॅनची काळजी कशाला?

कारण ३००० हा आकडा बहुतेकदा जवळजवळ रिकाम्या गाडीसाठी असतो. गाडी आणि ट्रेलर मिळून जे कमाल वजन चालतं, ते वेगळं दिलेलं असतं. समजा ते ५००० किलो आहे. गाडी २९०० पर्यंत भरली की ट्रेलरला उरतात २१००. १२०० किलोच्या ट्रेलरला तेही पुरतात, पण अडचण दुसरीकडे येते. ती मागच्या अ‍ॅक्सलवर.

टो बॉल मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे असतो आणि तरफेसारखा काम करतो. व्हीलबेस २.८ मीटर, बॉल अ‍ॅक्सलच्या १.२ मीटर मागे आणि बॉलवर ९० किलो असतील, तर मागच्या अ‍ॅक्सलवर ९० × ४.० ÷ २.८ म्हणजे सुमारे १२९ किलो वाढतात आणि पुढचा अ‍ॅक्सल ३९ किलोंनी हलका होतो. डिक्कीत पाणी, खण आणि फ्रिज आधीच मागे बसलेले. एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा अ‍ॅक्सल मर्यादेबाहेर जाणं हे नेहमीचं चित्र आहे. पुढची चाकं हलकी झाल्याने स्टिअरिंग तरंगल्यासारखं लागतं आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात.

ट्रेलरला स्वतःचे ब्रेक आहेत की नाहीत यावरही मर्यादा बदलते. ब्रेक नसलेल्या ट्रेलरसाठी ती अनेक देशांत ७५० किलो आहे, आणि गाडीची स्वतःची मर्यादा त्याहूनही कमी असू शकते.

८. बॉलवरचा भार घरी कसा मोजायचा? किती असावा?

ट्रेलर सपाट जागी उभा करा, चाकांना पाचर लावा. बॉलच्या उंचीएवढा लाकडाचा ठोकळा वजनकाट्यावर उभा ठेवा, त्यावर कपलिंग (ट्रेलरचं बॉलवर बसणारं तोंड) टेकवा आणि पुढचं छोटं चाक वर घ्या. काट्यावर दिसतो तो भार. ट्रेलर प्रवासाला निघताना जसा भरलेला असेल तसाच भरलेला हवा.

भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या ५ ते १० टक्के हा सर्वसाधारण पट्टा. १००० किलोच्या ट्रेलरला ८० ते १०० ठेवलेले बरे, पण हिचवर आणि गाडीवर लिहिलेली मर्यादा ओलांडायची नाही. कमी पडला तर काय होतं ते प्रश्न १६ मध्ये.

९. गाडी बघायला जाताना काय न्यावं आणि कुठून सुरुवात करावी?

टॉर्च, छोटी हातोडी, लोहचुंबक, हातमोजे, जुनी चादर, टायरचा गेज आणि ओबीडी रीडर (गाडीच्या संगणकातले दोषांचे कोड वाचणारं यंत्र). विक्रेत्याला आधीच सांगा की इंजिन थंड हवं. पोचल्यावर पहिल्यांदा रेडिएटरच्या होजला हात लावा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी या, कारण थंड इंजिनच खरं बोलतं.

*कूलंट.* इंजिन थंड असताना रेडिएटरची टोपी उघडून रंग बघा. तपकिरी, तेलकट किंवा गंजका असेल तर आत बिघाड आहे. सुरू केल्यावर मिनिटाभरात वरचा होज दगडासारखा कडक झाला आणि पाण्यात बुडबुडे आले, तर हेडगॅस्केट गेली असल्याची दाट शक्यता.

*धूर.* थंडीत पहिले काही सेकंद पांढरा धूर चालतो. डिझेलच्या वासाचा पांढरा धूर टिकून राहिला तर इंजेक्टर किंवा ग्लो प्लग. गोडसर वासाचा असेल तर कूलंट जळतंय. निळा म्हणजे ऑइल. काळा, जोर लावल्यावर येणारा, म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त.

*ब्लो-बाय* (पिस्टनच्या कडेने खाली निसटणारे वायू). इंजिन गरम झाल्यावर, आयडलला चालू असताना, ऑइलची टोपी उलटी करून तोंडावर नुसती ठेवा. थरथरली तर ठीक. उडून पडली तर रिंगा झिजल्या आहेत.

*ऑटोमॅटिकचं ऑइल.* डिपस्टिक असेल तर लाल आणि स्वच्छ हवं. दुधाळ गुलाबी दिसलं तर रेडिएटरमधला कूलर आतून फुटून कूलंट गिअरबॉक्समध्ये शिरलंय. अशी गाडी सोडा. नुसतं ऑइल बदलून ती बरी होत नाही, कारण आतल्या क्लचच्या पट्ट्यांचं अस्तर सुटलेलं असतं.

*फ्रेम.* चादर टाका आणि खाली जा. मागच्या अ‍ॅक्सलवर फ्रेम जिथे वर उचललेली असते तिथे, पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) किंवा कॉइल स्प्रिंगच्या बैठकीजवळ, आणि हिच जिथे बोल्ट केलेला आहे त्या शेवटच्या आडव्या पट्टीवर हातोडीने हलके ठोका. चांगलं पोलाद खणखणीत वाजतं. बद्द आवाज आला तर तिथला पत्रा आतून खाल्ला गेलाय. फ्रेमच्या आतल्या बाजूला छिद्रांतून टॉर्च मारा, गंज आतून बाहेर येतो. सगळं खालचं अंग नुकतंच काळ्या अंडरकोटने माखलं असेल, तर ते कशासाठी माखलं याचं समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत पुढे जाऊ नका. फ्रेमवर ठोकलेला चॅसी नंबर कागदाशी अंक-अंक जुळवून पाहा.

*डिफरन्शियल.* विक्रेता परवानगी देत असेल तर भरायचा प्लग उघडून बोट घाला. ऑइल करड्या दुधासारखं असेल तर पाणी शिरलं आहे. प्लगच्या चुंबकावर राखेसारखी बारीक पूड चालते, पत्र्याच्या टवक्यांसारखे तुकडे चालत नाहीत.

१०. डॅशवर एकही लाइट नाही. मग इंजिन ठीकच म्हणायचं ना?

नाही. कोड कालच पुसला असेल तर लाइट येणारच नाही. ओबीडी रीडरमध्ये ‘रेडिनेस मॉनिटर’ (गाडीने स्वतःच्या केलेल्या तपासण्यांची नोंद) बघा. कोड पुसले किंवा बॅटरी काढली की हे मॉनिटर शून्यावर येतात आणि पूर्ण व्हायला वेगवेगळ्या वेगाने काही दिवस गाडी चालवावी लागते. बरेचसे अपूर्ण असतील तर बॅटरी कधी काढली ते विचारा. चावी फिरवल्यावर सगळे इशारा-दिवे एकदा पेटून विझतात ना, हेही बघा. एअरबॅगचा किंवा इंजिनाचा दिवा पेटतच नसेल तर त्याचा बल्ब काढलेला असू शकतो.

११. टेस्ट ड्राइव्ह किती आणि कशी घ्यावी?

४५ मिनिटं तरी हवी, त्यात मोकळा रस्ता आणि लांब चढ असावा. दहा मिनिटांत तापमानाचे दोष दिसत नाहीत. चढावर वरच्या गिअरमध्ये, १५०० आरपीएमपासून सावकाश जोर द्या. मॅन्युअल गिअरच्या गाडीत आरपीएम वाढला आणि वेग वाढला नाही तर क्लच घसरतोय. ऑटोमॅटिकमध्ये सुमारे ६० ते ८० किलोमीटर वेगाला खडबडीत पट्ट्यावर चाक जातंय अशी थरथर एक-दोन सेकंद जाणवली, तर टॉर्क कन्व्हर्टरचा लॉक-अप क्लच बिघडतोय. रीडरवर गिअरबॉक्सचं तापमान दिसत असेल तर रिकाम्या गाडीला १०० अंशांच्या आत हवं. १२० च्या वर ऑइल झपाट्याने खराब होतं, आणि रिकामी गाडीच तिथे पोचत असेल तर ट्रेलर लावून काय होईल ते सांगायला नको.

अ‍ॅक्सिलरेटर सोडला-दाबला की ‘टक्’ असा आवाज आला तर शाफ्टचे युनिव्हर्सल जॉइंट ढिले. वेगानुसार वाढणारी आणि वळल्यावर बदलणारी घरघर म्हणजे व्हील बेअरिंग.

१२. फोर व्हील आणि डिफ लॉक (डिफरन्शियल घट्ट बांधणारी सोय) खरंच चालतात का, हे कसं कळणार?

दिवा लागला म्हणजे काम झालं असं नाही. मातीच्या मोकळ्या जागेवर पार्ट-टाइम गाडी फोर व्हीलमध्ये टाका आणि स्टिअरिंग पूर्ण फिरवून सावकाश गोल घ्या. गाडी अडखळत, गचके देत फिरली तर पुढचा शाफ्ट जोडलेला आहे. इथे गचके येणं हेच बरोबर (का, ते प्रश्न ३ मध्ये; इतक्या आवळ वळणात मातीवरही चाकं अडखळतच घसरतात). लोण्यासारखी फिरली तर हब किंवा अ‍ॅक्च्युएटर (पुढची चाकं जोडणारे भाग) काम करत नाही. फुल-टाइम गाडीत हीच परीक्षा मधला डिफ लॉक लावून करा.

लो रेंज थांबून, न्यूट्रलमध्ये टाका. वर्षानुवर्षं न वापरलेला लिव्हर अडकतो किंवा मोटरवर चालणारा अ‍ॅक्च्युएटर गंजून बसतो. वापरलेल्या गाड्यांत हा दोष फार आढळतो, कारण पहिल्या मालकाला लो रेंजची गरजच पडलेली नसते.

१३. आधी ट्रेलर ओढलेली गाडी घ्यावी का?

घ्यायला हरकत नाही, पण काय ओढलं ते विचारा आणि खुणा बघा. हिचच्या बोल्टची छिद्रं लांबट झाली आहेत का. ५० मिलिमीटरचा बॉल कॅलिपरने मोजा, ४९ च्या खाली गेला असेल तर तो बदलायचा, आणि खूप ओढलंय हेही कळतं. चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत अंतर मोजा. डावी-उजवी बाजू सारखी हवी. मागचा भाग बसला असेल तर स्प्रिंग थकल्या आहेत, ते बदलता येतात. गिअरबॉक्सला जादा कूलर लावलेला दिसला तर मालक समजूतदार होता असं धरायला जागा आहे.

१४. पुरात बुडालेली गाडी कशी ओळखायची?

सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाची रेघ किंवा बुरशी राहून जाते, तो कोणी धूत नाही. मग सीटच्या रुळांचे बोल्ट, डॅशच्या खालचे कनेक्टर आणि स्टेपनीची खोबण बघा. हिरवट झालेले पिन दिसले की विषय संपला. वायरिंगचे दोष वर्षभराने, भलत्याच ठिकाणी डोकं वर काढतात.

१५. लिफ्ट किट, मोठे टायर, छतावर तंबू असं सगळं बसवलेली तयार गाडी मिळतेय. फायदा ना?

कधी कधी. ५० मिलिमीटरपर्यंतची लिफ्ट, नीट बसवलेली, सहसा त्रास देत नाही. त्याहून जास्त असेल तर शाफ्टचे कोन, ब्रेकचे होज आणि सीव्ही बूट (चाकाच्या शाफ्टच्या सांध्यावरचं रबर) तपासा. ट्रेलरचा बॉलही तेवढाच वर जातो आणि ट्रेलर नाक वर करून चालतो.

टायरच्या कडेवरचे शेवटचे चार अंक बघा. २३१९ म्हणजे २०१९ चा २३वा आठवडा. खाचा कितीही खोल असोत, दहा वर्षांचं टायर भरलेल्या गाडीला नको. भारांक (टायर किती वजन पेलतं ते सांगणारा त्यावरचा अंक) अ‍ॅक्सलच्या मर्यादेशी जुळवा: ११२ म्हणजे टायरमागे ११२० किलो, ११५ म्हणजे १२१५, १२१ म्हणजे १४५०. फुल-टाइम आणि ऑन-डिमांड गाड्यांत चारही टायर एकाच मापाची, जवळपास सारख्या झिजेची हवीत. एकच नवं टायर असेल तर त्याचा घेर मोठा, आणि मधला डिफरन्शियल किंवा क्लच सतत घासत राहतो.

छताची मर्यादा चालत्या गाडीसाठी अनेकदा ७५ ते १०० किलोच असते, आणि त्यात कॅरियरचं वजन धरायचं. ६० किलोचा तंबू आणि २८ चं कॅरियर झाले की छत भरलं. उभ्या गाडीवर माणसं झोपलेली चालतात, कारण तेव्हा खड्ड्यांचे आणि वळणांचे धक्के नसतात.

विजेचं काम मात्र बारकाईने बघा. बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत फ्यूज नसलेली जाड वायर दिसली तर ती सगळी जोडणी नव्याने करण्याचा खर्च किमतीतून वळता करा. अशा वायरी घासून आगी लागतात.

१६. ट्रेलर मागे झोकांड्या खातो. गाडी चुकीची घेतली का?

बहुधा नाही, सामान चुकीचं भरलंय. जड वस्तू ट्रेलरच्या अ‍ॅक्सलच्या मागे गेल्या की बॉलवरचा भार कमी होतो आणि ट्रेलर शेपटीसारखा हलू लागतो. जड सामान अ‍ॅक्सलवर आणि किंचित पुढे, खाली ठेवा आणि भार पुन्हा मोजा (प्रश्न ८). टायरमधली हवा कमी असणं हे दुसरं कारण.

चालू प्रवासात सुरू झालं तर अ‍ॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, ट्रेलरचे ब्रेक स्वतंत्र लावता येत असतील तर तेवढेच लावा. गाडीचा ब्रेक जोरात दाबू नका आणि वेग वाढवून ‘ओढून सरळ करण्याचा’ प्रयत्न तर मुळीच नको.

१७. बॉल ५० मिलिमीटरचा आणि कपलर (ट्रेलरचं कपलिंग) २ इंची. बसतोय, मग चालेल ना?

२ इंच म्हणजे ५०.८ मिलिमीटर. लहान बॉलवर मोठा कपलर बसतो, पण ढिला राहतो आणि खड्ड्यात उडी मारून सुटू शकतो. जोडी बदला. सेफ्टी चेन कपलरच्या खालून फुली मारून लावा, म्हणजे दांडा सुटलाच तर चेनवर झेलला जाईल. प्लगही बघा, ७ पिनचे आणि १३ पिनचे प्रकार वेगवेगळे असतात.

१८. गाडी घेतली. प्रवासाआधी काय काय बदलायचं?

इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियलचं ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल, सगळे फिल्टर, बेल्ट, होज, थर्मोस्टॅट. डिफरन्शियलचं ऑइल बदलताना आधी वरचा, भरायचा प्लग सैल होतो का ते बघा. खालचा उघडून ऑइल सांडलं आणि वरचा गंजून बसलेला निघाला, तर गाडी जागेवरच अडकते. अ‍ॅक्सलच्या ब्रीदर नळ्या (हवा आत-बाहेर जाऊ देणाऱ्या) वर इंजिनाच्या खोलीत न्या. गरम डिफरन्शियल ओढ्यात थंड झाला की आत पोकळी होते आणि नळी खाली असेल तर तिथूनच पाणी शोषलं जातं. मग ट्रेलर लावून दोन दिवसांची जवळची फेरी मारा आणि परत आल्यावर चाकांचे नट, हिचचे बोल्ट, सस्पेन्शनचे बोल्ट पुन्हा आवळा.

१९. रुतलेली गाडी टो बॉलला पट्टा लावून ओढली तर?

कधीही नाही. बॉल ट्रेलरच्या भारासाठी बनवलेला आहे, हिसक्यासाठी नाही. ताणलेल्या पट्ट्याने तो तुटला तर गोळीसारखा समोरच्या गाडीच्या काचेतून आत येतो, आणि यात माणसं गेलेली आहेत. फ्रेमला बसवलेला प्रमाणित हूक हवा. हिचचा चौकोनी रिसीव्हर असेल तर बॉलचा दांडा काढून त्यात शॅकल बसणारा ब्लॉक घाला. जहाजावर किंवा ट्रकवर गाडी बांधण्यासाठी दिलेले पातळ कडेही ओढण्यासाठी नसतात, विकत घेताना गाडीला खरे हूक आहेत की फक्त ही कडी, ते बघून ठेवा.

२०. मागच्या कॉइलमध्ये एअरबॅग (हवा भरायच्या रबरी पिशव्या) घातल्या तर जास्त वजन चालेल का?

नाही. एअरबॅग मागचा बसलेला भाग उचलतात, एवढंच. अ‍ॅक्सल, बेअरिंग, ब्रेक, टायर आणि फ्रेम यांची मर्यादा तीच राहते. कमाल वजनही कागदोपत्री वाढत नाही. पाट्यांच्या गाडीत एक धोका वेगळा आहे. पाटे भार फ्रेमच्या दोन टोकांना वाटून देतात, तर पाट्यांवर बसवलेली एअरबॅग तो अ‍ॅक्सलच्या बरोबर वर, एकाच ठिकाणी टेकवते. मागे जड बॉलभार, डिक्की भरलेली आणि खडबडीत रस्ता अशा जुळणीत फ्रेम त्याच जागी वाकते. म्हणून अशा बॅग बसवलेली वापरलेली गाडी बघत असाल तर बाजूने, दहा पावलं दूर उभं राहून केबिन आणि मागचा हौदा वेगळे असतील (पिकअपसारखे) तर त्यांच्यामधली फट वर-खाली सारखी आहे का बघा. वरची फट रुंद आणि खालची अरुंद झाली असेल तर फ्रेम वाकलेली आहे. बॅगच्या वरच्या बैठकीजवळ फ्रेमचा रंग सुरकुतलाय का, तेही खाली जाऊन टॉर्चने तपासा.